मागचा एकच बल्ब सारखा जातोय? जुन्या माझदा एमएक्स-५ वर सापडलेलं खरं कारण

गेल्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत माझ्या गाडीचा मागचा डावा ब्रेक लाईट चार वेळा गेला. दर वेळी नवा बल्ब घातला, दर वेळी तो लागला, आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा अंधार. उजव्या बाजूचा बल्ब मात्र गाडी घेतल्यापासून एकदाच बदललाय. चौथ्यांदा डिक्की उघडून बसलो तेव्हा ठरवलं, आता जुना बल्ब का गेला हे कळल्याशिवाय नवा घालायचा नाही. त्या शोधात तीन रविवार गेले. ज्यांचा एकच बल्ब सारखा जातो त्यांचे ते तीन रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय.

माझी एमएक्स-५ म्हणजे कापडी टपाची, दोन सीटची छोटी गाडी, १९९५ ची, पहिल्या पिढीची, म्हणजे बटण दाबलं की हेडलाईट बॉनेटमधून वर येतात ती. ही पिढी १९८९ ते १९९७ या काळात तयार झाली, त्यामुळे यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पंचवीस वर्षांच्या पुढची आहे. मी इंग्लंडमध्ये मिडलँड्सला राहतो. गाडी बाहेर उभी असते, पाऊस बारा महिने, आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पण तुमची गाडी वेगळी असली किंवा तुम्ही पुण्यात, पणजीत असलात तरी बारा व्होल्टचं गणित तेच आहे. माझे वडील चिपळूणला त्यांच्या पद्मिनीच्या बल्बांचे होल्डर दर पावसाळ्यानंतर घासायचे, ते मी लहानपणी शेजारी बसून पाहिलंय. इथे डिक्कीत वाकलो तेव्हा तोच हिरवट थर समोर आला.

हा दिवा मला इतका महत्त्वाचा का वाटतो तेही सांगतो. या गाडीची उंची जेमतेम १.२३ मीटर आहे. मोटरवेवर पावसात मागे ट्रक असला की त्याच्या ड्रायव्हरला आपण दिसतो ते फक्त त्या दोन लाल दिव्यांमुळे. डिसेंबरात इथे दुपारी चारला अंधारून येतं. त्यातला एक दिवा गेलेला असताना मी आठवडाभर गाडी चालवली होती आणि मला पत्ताच नव्हता, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

आधी गेलेला बल्ब नीट बघा

आपण सगळे एकच चूक करतो. गेलेला बल्ब काढतो, कचऱ्यात टाकतो आणि नवा घालतो. माझे पहिले दोन बल्ब असेच गेले आणि त्यांच्याबरोबर पुरावाही गेला. तिसरा आणि चौथा ठेवला, म्हणून उत्तर सापडलं.

बल्ब खिडकीच्या उजेडात धरा. काच आतून काळसर किंवा करडी झाली असेल तर तो वयाने गेला. टंगस्टनची तार वर्षानुवर्षं तापून तिची वाफ होते, ती काचेवर बसते, तार एका जागी बारीक होते आणि तिथे तुटते. यात काही बिघाड नाही, नवा घाला आणि विसरा. मात्र नवाकोरा बल्ब महिन्याभरात असा काळा पडला तर गाडी त्याला जास्त व्होल्टेज देत असण्याची शक्यता आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

काच स्वच्छ आहे, तार मात्र मधेच तुटून लोंबतेय, असं दिसलं तर धक्क्यांचा संशय घ्या. स्वस्तातल्या बल्बांत तारेला आधार कमी असतो. डिक्की जोरात आपटायची सवय असेल तर मागचे बल्ब त्या सवयीनेही जातात. खूप तापलेली तार मऊ असते, त्यामुळे दिवे चालू असताना बसलेला हादरा तिला जास्त लागतो.

आतून दुधासारखा पांढरा किंवा पिवळट थर दिसला तर बल्बच्या आत हवा शिरलीय. तापलेल्या टंगस्टनला ऑक्सिजन मिळाला की ते जळतं आणि त्याची ही पांढरी भुकटी होते. म्हणजे काचेला कुठेतरी तडा आहे. माझा चौथा बल्ब असाच निघाला. पितळी टोपीच्या जरा वर केसासारखी एक रेघ होती, नखाला लागत होती, डोळ्याला पटकन दिसत नव्हती.

आणि तिसरा? तिसऱ्याला काहीच झालं नव्हतं. काच स्वच्छ, दोन्ही तारा शाबूत (या बल्बात टेल लाईटची एक आणि ब्रेकची एक अशा दोन तारा असतात). मल्टिमीटर ओहमवर लावला तर ब्रेकच्या तारेचं रीडिंग एक ओहमच्याही आत आलं, म्हणजे बल्ब ठणठणीत. सरळ बॅटरीवर धरला तर लख्ख पेटला. मी चांगला बल्ब ‘गेला’ म्हणून काढला होता! नवा घातल्यावर दिवा लागायचा, कारण बल्ब काढताना आणि घालताना होल्डरमधले पॉइंट, म्हणजे बल्बला टेकणारी धातूची टोकं, घासले जायचे आणि चार दिवस जोडणी मिळायची. पहिले दोनही असेच चांगले असावेत असं आता वाटतं.

एकाच होल्डरमधून निघालेला एक बल्ब शाबूत आणि एक तडा गेलेला. आधी वाटलं, दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्हींचं मूळ एकच निघालं: पाणी.

डिक्कीतून मागचा बल्ब

या गाडीचे मागचे बल्ब डिक्कीच्या आतून निघतात, बाहेरून काच उघडावी लागत नाही. डिक्कीच्या मागच्या भिंतीवरचं आच्छादन बाजूला करा, दिव्याची पाठ आणि होल्डर दिसतील. होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवला की बल्बसकट बाहेर येतो. बल्ब आत दाबून, फिरवून काढायचा. दिवे बंद करून दहा मिनिटं थांबा, नुकता विझलेला बल्ब बोट भाजवतो.

एक सावधगिरी. पहिल्या पिढीत बॅटरी डिक्कीतच आहे, उजव्या बाजूला. लोखंडी पाना हातात घेऊन तिथे वाकायचं असेल तर पॉझिटिव्ह टर्मिनलवर जाड कापड टाकून ठेवा. पाना टर्मिनलला आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणगीवर भागत नाही.

टेल आणि ब्रेक या दोन्ही कामांसाठी दोन तारांचा एकच बल्ब असतो, त्याला पी२१/५डब्ल्यू म्हणतात. टेलची तार ५ वॉटची, ब्रेकची २१ वॉटची. नुसत्या २१ वॉटच्या एका तारेच्या बल्बाला पी२१डब्ल्यू म्हणतात. दोघे लांबून अगदी जुळे दिसतात. फरक पितळी टोपीवरच्या दोन खुंट्यांमध्ये आहे: एका तारेच्या बल्बाच्या खुंट्या समान उंचीवर, दोन तारांच्या बल्बाची एक खुंटी वर आणि एक खाली. हे मुद्दाम केलंय, बल्ब उलटा बसू नये म्हणून. बल्ब फिरत नसेल तर जोर लावू नका, काढून अर्धा वळसा फिरवा आणि परत घाला. मागच्या मालकाने जोर लावला असेल तर होल्डरची खाच वाकलेली सापडेल. मग टेल आणि ब्रेकची अदलाबदल होते, नाहीतर दोन्ही एकदम लागतात. दुकानात जाताना जुना बल्ब खिशात न्या, टोपीवर नाव कोरलेलं असतं. गाडीला तीस वर्षं झाली, मधे कोणी काय बदललंय त्यावर पुस्तकापेक्षा हातातला बल्ब आणि होल्डर जास्त खरं सांगतात.

आता पाण्याबद्दल. मी होल्डर काढला तेव्हा त्याच्या तळाशी हिरवट पांढरा थर होता आणि एक पॉइंट पूर्ण झाकला गेला होता. हात आत घालून दिव्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. डिक्कीतला गालिचा उचलला, खाली पत्र्याच्या खळग्यात पाणी साचलेलं. मुलीला बाहेर पाण्याचा पाइप घेऊन उभं केलं आणि मी टॉर्च घेऊन डिक्कीत डोकं घातलं. दोन मिनिटांत दिसलं: दिवा आणि बॉडी यांच्या मधल्या गास्केटमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पट्टीतून, एक थेंब हळूहळू जमत होता, फुगत होता, आणि सुटत होता. तो थेट होल्डरच्या कडेवर पडत होता. ब्रेक दाबलेला असताना बल्बची काच चटका बसेल इतकी तापलेली असते. त्यावर थंड पाण्याचा थेंब पडला की तडा जायला तेवढंच पुरे. काचेवर पडला तर तडा, पॉइंटवर पडला तर गंज. तिसऱ्या आणि चौथ्या बल्बाचं कोडं तिथे सुटलं.

या गाडीची मागची गास्केट वयाने कडक होतात हे तिच्या मालकांना चांगलं ठाऊक असतं. दिवा आतून नटांनी धरलेला असतो. नट काढून तो सरळ मागे ओढा, जुन्या गास्केटला चिकटलेला असला तर कडेकडेने हलवत सोडवा, एका कोपऱ्यातून उपसू नका, प्लॅस्टिक जुनं आहे. नवं गास्केट बसवा, मिळत नसेल तर ब्युटाइलची चिकट पट्टी सगळीकडे अखंड लावा. मी पट्टी लावली. सिलिकॉन टाळलं, कारण पुढे कधी दिवा काढायचा झाला तर ते पत्र्याचा रंग घेऊन निघतं. नट फार आवळू नका.

जाता जाता टपाच्या पाण्याच्या वाटाही बघा. कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली जातं. पानं आणि चिखल साचून त्या तुंबतात, आणि मग पाणी आत वाट शोधतं. माझी डावी नळी तुंबलेली होती. मऊ प्लॅस्टिकची वायर हलक्या हाताने घातली तर काळा गाळ भसकन खाली आला.

अर्थ (अर्थिंग) तपासल्याशिवाय थांबू नका

गास्केट झालं, होल्डर घासला, नवा बल्ब लावला, दिवा लागला. इथे मी थांबलो असतो तर पाचवा बल्बही ‘गेला’ असता. डावा दिवा उजव्याच्या मानाने जरा पिवळट दिसत होता.

अर्थ म्हणजे करंटची बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जायची जोडणी. ती खराब असल्याची खूण अशी असते: ब्रेक दाबला की टेल लाईट मंदावते, किंवा इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर शेजारचा दिवाही मिणमिणतो. दोन तारांच्या बल्बात दोन्ही तारांचा परतीचा रस्ता एकच, पितळी टोपीतून. तो रस्ता अडला की करंट दुसऱ्या तारेतून उलटा फिरून शेजारच्या दिव्यावाटे बाहेर पडायला बघतो. अशा वेळी नवा बल्ब घालून काहीच साधत नाही.

मोजायला सोपं आहे, आणि या गाडीत तर बॅटरी डिक्कीत असल्यामुळे फारच सोपं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं होल्डरच्या अर्थवर, बल्ब जागेवर. मग कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. आमच्याकडे हे काम मुलीचं. पुढून आवाज आला, “बाबा, दाबू?” आणि मीटरवर १.९ व्होल्ट. उजव्या बाजूला तेच मोजलं तर ०.०८. आदर्श आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.२ च्या वर गेला तर रस्त्यात कुठेतरी गंज आहे. बाराच्या बॅटरीतले जवळपास दोन व्होल्ट वाटेतच जात असतील तर बल्बचा उजेड साधारण निम्म्यावर येतो, कारण उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने उतरतो.

अर्थची वायर मागे मागे शोधत गेलो. ती पत्र्याला जिथे बोल्टने जोडलीय तिथे, गालिच्याखाली, त्याच ओल्या खळग्याच्या शेजारी, बोल्टभोवती गंजाची पोळी झाली होती. बोल्ट काढला, रिंग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, परत आवळून वरून थोडं ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.०६. दोन्ही दिवे सारखे लाल.

होल्डरसाठी इलेक्ट्रिकचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेही अगदी पातळ बोटाने लावा. आपल्याकडे बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन लावायची पद्धत आहे आणि तिथे ती ठीक आहे, पण बल्बच्या होल्डरला व्हॅसलिन लावू नका. तिथल्या उष्णतेने ते वितळून खाली येतं.

दोन-तीन ठिकाणचे बल्ब जात असतील तर

एकच कोपरा त्रास देत असेल तर पाणी, अर्थ किंवा होल्डर. पण पुढचे, मागचे, नंबर प्लेटचे, असे सगळीकडचे बल्ब लवकर जात असतील आणि काचा काळ्या पडत असतील तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तपासा. इंजिन चालू करा, थोडी रेस द्या आणि बॅटरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असलं तर चिंता नाही. १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज रेग्युलेटर गेलाय. तारेचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो: नेहमीपेक्षा फक्त ५ टक्के जास्त व्होल्टेज मिळालं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. हे दुरुस्त केल्याशिवाय बल्ब बदलत राहणं म्हणजे पैसे जाळणं आहे, आणि त्याच जास्त व्होल्टेजने बॅटरीही जाते.

हेडलाईट

वर येणारे हेडलाईट बदलताना आधी ते दिवे न लावता फक्त वर आणा, डॅशबोर्डवर त्यासाठी वेगळं बटण आहे. वर आले की इग्निशन बंद करा आणि हेडलाईटच्या मोटरचा फ्यूज काढा. हात आत असताना मोटर फिरली तर बोटं सापडतील, म्हणून ही पायरी गाळू नका. मोटर गेल्यामुळे दिवा वरच येत नसेल तर फ्यूज काढून मोटरवरच्या रबरी टोपीखालची गोल मूठ हाताने फिरवा, दिवा हळूहळू उठतो.

भोवतालचं काळं प्लॅस्टिक काढा, मग दिव्याला धरून ठेवणाऱ्या रिंगचे छोटे स्क्रू. तिथेच दिव्याचा झोत वर-खाली आणि आजूबाजूला करणारे स्क्रूही आहेत, त्यांना हात लावू नका, नाहीतर झोत समोरच्याच्या डोळ्यात जाईल. स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. डोकं घासलं गेलं की अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं.

इंग्लंडमधल्या गाड्यांत सात इंची गोल दिवा आणि त्यात एच४ बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. अमेरिकेतल्या गाड्यांना मूळचा सीलबंद दिवा होता, तिथे काच-परावर्तकासकट अख्खा दिवा बदलावा लागतो. एच४ मध्ये मागचा प्लग ओढायचा, रबरी टोपी काढायची, तारेची स्प्रिंग सोडवायची, बल्ब बाहेर. नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. ही काच क्वार्ट्झची असते आणि बल्ब चालू असताना काही शे अंशांपर्यंत तापते. बोटाचं तेल आणि घामातलं मीठ त्या उष्णतेत काचेवर भाजतं, तिथे काच पांढुरकी होऊन कमजोर पडते. बल्ब धातूच्या कडेला धरा. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून, वाळवून घाला.

हेडलाईट एकाच बाजूचा सारखा जात असेल तर बल्बच्या मागची वायरिंगही बघा. दिवा वर-खाली होतो तेव्हा दर वेळी ती वाकते. वरचं वेष्टण शाबूत आणि आतली तांब्याची तार अर्धी तुटलेली, असं जुन्या गाडीत होऊ शकतं. दिवा चालू ठेवून वायर हाताने हळू हलवा, उजेड फडफडला तर बिघाड तिथेच.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब घालण्याचा मोह मला झाला होता, घातला नाही. त्या दिव्याचा आरसा तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला आहे, एलईडीची चकती त्या जागी त्या आकारात नसते, आणि झोत विस्कटतो. इथे वार्षिक एमओटी तपासणीत हॅलोजन हेडलॅम्पमध्ये एलईडी बल्ब दिसला तर या वयाची गाडी नापास करतात. इंडिकेटरला एलईडी घातला तर तो घाईघाईने लुकलुकायला लागतो, कारण इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं एक बल्ब गेलाय. तुमचा साधा इंडिकेटर अचानक तसा घाईने लुकलुकू लागला तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा एक बल्ब खरंच गेलेला असतो, उतरून बघा.

एप्रिलपासून आजपर्यंत डावा बल्ब तोच आहे. दर महिन्याला गालिच्याखाली हात घालून बघतो, कोरडं असतं. आणि रोज संध्याकाळी गाडी लावताना गॅरेजच्या पांढऱ्या दरवाजाकडे पाठ करून ब्रेक दाबतो आणि आरशात पाहतो. दरवाजावर दोन लाल ठिपके सारखे पडले की चावी काढतो.